न्हाणीघराची आतली कडी : मराठी कुटुंबातील एकांताच्या इतिहासाची एक बाजू

बीजशब्द : मोरी, न्हाणीघर, शेतखाना, सोवळे, आडोसा, चाळ, एकांत

प्रस्तावना

स्वतःच्या घरात, भोवती आपलीच माणसे असताना, न्हाणीघराचे दार आतून लावून घ्यावे की नुसते लोटून घ्यावे, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासविषयांत सहसा मोडत नाही. तरीही महाराष्ट्रातील शहरी घरांत तो रोज उभा राहतो आणि माणसागणिक त्याचे उत्तर बदलते. वृद्ध सासऱ्यांना ‘कडी लावू नका’ असे बजावले जाते. वयात आलेल्या मुलीला ‘कडी नीट लागली का पाहा’ असे सांगितले जाते. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर बोल्ट बसविला जातो. घरातील कर्त्या पुरुषाला मात्र या बाबतीत कोणीच काही सांगत नाही. दार एक आणि नियम चार, अशी ही व्यवस्था कशी घडली हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

लाज जुनी आहे, कडी हे लाजेचे साधन आहे, म्हणून कडीही जुनीच असली पाहिजे, अशी समजूत सर्वसाधारणपणे आढळते. तपासून पाहता ती टिकत नाही. मराठी घरात लाज राखण्याची जुनी साधने निराळी होती : वेळ, आडोसा, आवाज आणि नजर वळविण्याची शिस्त. न्हाणीघराची आतली कडी ही त्या मानाने अलीकडची, स्वतंत्र खोली आणि घरातला नळ यांच्या मागोमाग आलेली वस्तू होय. तिने लाज वाढविली किंवा घटविली असे नव्हे. पूर्वी एकांत घराच्या मालकीचा होता. कडीने तो घरातील एकेका व्यक्तीच्या स्वाधीन केला. ही मालकी कोणाला लवकर लाभली, कोणाला उशिरा आणि कोणाकडून ती परत मागितली जात आहे, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते. विवेचन मुख्यतः पुणे व मुंबई या शहरांपुरते मर्यादित ठेवले आहे.

सोवळ्याचे घर

पेशवेकालीन आणि त्यानंतरच्या पुण्यातील वाड्यांत बंदोबस्ताची उणीव नव्हती. दिंडीदरवाजाला आतून अडसर असे. तो रात्री सरकविला की सारा वाडा एकदम बंद होई. कोठीच्या खोलीला कुलूप असे आणि तिची किल्ली घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या कमरेला. बंदोबस्त होता तो धान्याचा, दागिन्यांचा आणि एकूण घराचा. घरातल्याच माणसाने घरातल्या इतर माणसांपासून स्वतःला बंद करून घ्यावे, या कल्पनेला त्या रचनेत फारशी जागा नव्हती. बाळंतिणीची खोली हा अपवाद म्हणावा, तर तेथील दार लोटलेले असे ते वारा आणि सोयर या दोन कारणांनी. बाळंतिणीला एकटे असावेसे वाटते, हे त्याचे कारण नव्हते.

अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळाने आणलेले पाणी शहरातील हौदांत सोडले गेले. ज्यांच्या चौकात हौद किंवा आड होता, अशा वाड्यांतील पुरुषांचे स्नान तेथेच, चारचौघांत होई. पंचा नेसून अंगावर तांब्या रिकामा करीत स्तोत्र म्हणणे हा घराच्या दिनक्रमाचा ऐकू येणारा भाग होता. स्त्रियांसाठी मागील पडवीला लागून न्हाणी असे आणि तिची खरी भिंत म्हणजे पहाटेचा काळोख. लुगडे नेसूनच स्नान करायचे आणि ओले लुगडे अंगावर असतानाच त्यावरून कोरडे गुंडाळून खालचे सोडायचे, हे कसब मुलींना लहानपणीच अवगत करावे लागे. दाराचे काम वस्त्राने केले म्हणून दाराला कडी लागली नाही, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

परंतु याहूनही महत्त्वाची गोष्ट सोवळ्याची आहे. उच्चवर्णीय घरात स्नान ही खासगी बाब नव्हतीच. कोणाचे स्नान झाले, कोणाचे व्हायचे आहे, कोण ओलेत्याने आहे आणि कोणाला शिवायचे नाही, हे सर्वांना कळल्याखेरीज स्वयंपाक आणि देवपूजा पुढे सरकत नसे. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये (१९३४-३६) आपल्या वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाचे जे चित्रण केले आहे, ते या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचा तो ध्यास घरातील माणसांच्या देहांवरही अहोरात्र पहारा ठेवणारा होता. रजस्वला स्त्रीच्या बाबतीत तर हा पहारा उघड होता. तीन दिवस ती बाजूला बसे आणि चौथ्या दिवशी तिचे न्हाणे होई. घरातील लहान मुलापासून सासऱ्यापर्यंत सर्वांना ते ठाऊक असे. देह दिसू नये याची काळजी आणि देहाची अवस्था मात्र सर्वांना ठाऊक असावी याची व्यवस्था, या दोन्ही गोष्टी एकाच घरात निर्वेधपणे नांदत होत्या. आजच्या वाचकाला त्यांत विसंगती वाटते; त्या घराला ती वाटत नव्हती.

इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या १९५३ च्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली, तीत एक छप्पर, एका चुलीवर शिजलेले अन्न, सामाईक मिळकत आणि सामाईक देवपूजा ही लक्षणे येतात. ज्या समूहात एवढे सारे सामाईक, त्यात एखाद्याने आतून दार लावून बसणे हे सामाईकपणातून स्वतःला वगळणेच ठरले असते. दार लावणाऱ्या सुनेविषयी ‘आत काय चालले आहे’ अशी विचारणा होई, ती निव्वळ चौकशी नसे.

कोकणातील घरांची तऱ्हा थोडी निराळी होती. तेथे न्हाणीघर मागील दारी, विहिरीच्या वाटेवर, बहुधा चुलीसह असे आणि आडोशाला झापे पुरत. झापांच्या भिंतीला कडी बसविता येत नाही. आत कोणी आहे हे चुलीचा धूर आणि तांब्याचा आवाज यांवरून कळे आणि येणारा लांबूनच खाकरे.

खिडकीचा कायदा

ब्रिटिश अमदानीतील न्यायालयांपुढे एकांताचा प्रश्न आला तो खिडकीच्या रूपाने. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ मधील कलम १८ रूढीजन्य हक्कांसंबंधी असून, एखाद्या नगरातील रूढीनुसार शेजाऱ्याच्या एकांताचा विशेष भंग होईल अशी नवी खिडकी उघडता येत नाही, असे उदाहरणच त्या कलमाखाली दिलेले आहे. मुंबई इलाख्याला हा अधिनियम १८९१ मध्ये लागू करण्यात आला. तत्पूर्वी १८८८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने गोकल प्रसाद विरुद्ध राधो या प्रकरणात, पडद्यातील स्त्रियांच्या वावराच्या भागावर नजर जाईल अशा नव्या बांधकामाविरुद्ध घरमालकाचा हक्क मान्य केला होता. मुंबई उच्च न्यायालयानेही गुजरातमधील दाव्यांत अशी रूढी ग्राह्य धरल्याचे दिसते.

या निवाड्यांचा गौरव पुष्कळदा भारतीय परंपरेतील खासगीपणाचा पुरावा म्हणून होतो. तो अर्धाच खरा आहे. संरक्षण मिळाले ते घराला, शेजाऱ्यापासून. स्त्रियांचे देह हा त्या घराच्या अब्रूचा भाग, म्हणून त्यांच्यावर परक्याची नजर पडता कामा नये. त्याच घरातील स्त्रीला दीर, सासरे, नणंदा यांच्यापासून काही एकांत हवा असेल, तर त्यासाठी कायद्याजवळ शब्द नव्हता. खिडकी बंद करण्याचा हक्क घरमालकाचा. आतले दार बंद करण्याचा हक्क कोणाचाच नाही.

मोरी

मुंबईत मात्र घरच आक्रसले. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आणि १९२० मध्ये निघालेल्या डेव्हलपमेंट खात्याने ज्या चाळी उभारल्या, त्यांत कामगार कुटुंबाच्या वाट्याला एक खोली आली. वरळी, नायगाव आणि डिलाईल रोड येथील बी.डी.डी. चाळींच्या १९५ इमारती या त्या धोरणाचे सर्वांत ठळक अवशेष होत. तळमजला अधिक तीन मजले, इमारतीत ८० खोल्या, खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट आणि मजल्याच्या टोकाला सामाईक संडास, अशी ही रचना. बर्नेट-हर्स्ट यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबईतील मजूर व घरे यांविषयीच्या ग्रंथात या शहराच्या एका खोलीतील संसारांची पाहणी आढळते.

या खोलीच्या कोपऱ्यात मोरी होती. मोरी या शब्दाचा मूळ अर्थ सांडपाणी वाहून जाण्याची नाली एवढाच. नालीचे नाव त्या जागेला मिळाले, हेच तिच्या दर्जाविषयी पुरेसे बोलके आहे. दीड-दोन हात लांबीरुंदीची फरशी, वीतभर उंचीचा कठडा, पाणी जाण्याचे भोक, बाजूला पिंप आणि त्यावर हंडा-कळशी. तेथेच भांडी घासायची, मासळी साफ करायची, लहान मुलांना बसवायचे, कपडे धुवायचे आणि स्नानही तेथेच. मोरीला भिंत नव्हती, म्हणून दार नव्हते आणि दार नव्हते म्हणून कडीचा प्रश्न उद्भवत नव्हता, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. वस्तुस्थिती तशी नव्हती. कडी होती, ती खोलीच्या दाराला होती.

घरातील स्त्रीला स्नान करायचे असेल तेव्हा पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी उठून गॅलरीत जायचे आणि खोलीचे दार आतून लागायचे. तेवढा वेळ संपूर्ण घरच न्हाणीघर होई. तिचा एकांत म्हणजे बाकीच्यांचे बेघर होणे, मग ते दहा मिनिटांचे का असेना. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा खोलीत झोपलेला असेल, आजारी सासू भिंतीला टेकून असेल, किंवा पावसाच्या झडीमुळे गॅलरीत उभे राहता येत नसेल, तर हा हिशेब कोलमडे. मग दोरीवर जुने लुगडे टाकून आडोसा करायचा, किंवा दोघींपैकी एकीने चादर धरून उभे राहायचे. या साऱ्याचा परिणाम स्नानाच्या वेळेवर आणि वारंवारतेवर झाल्यावाचून राहिला नाही. नळाला पाणी येण्याची वेळ, पुरुषांच्या पाळीची वेळ आणि मुलांच्या शाळेची वेळ यांच्या फटीत जी जागा उरेल, ती स्त्रीची. मासिक पाळीच्या दिवसांतील कपडे कोठे धुवायचे आणि कोठे वाळत घालायचे, हा प्रश्न तर कोणत्याही गृहनिर्माण अहवालाच्या रकान्यात बसणारा नव्हता.

चाळीसंबंधीच्या विनोदी वाङ्मयाने संडासापुढील रांगेला मराठी साहित्यात कायमचे स्थान मिळवून दिले आहे. त्या रांगेत हातात टमरेल घेऊन उभी असलेली पात्रे बहुतांशी पुरुष आहेत, ही गोष्ट सहज निसटते. पुरुषाचा विनोद होऊ शकतो तेथे स्त्रीची अडचण असते, एवढे तरी संशोधकाने नोंदवावयास हवे.

सामाईक संडासाच्या दाराला आतून कडी असे, पण ती बहुधा मोडलेली असे. ती दुरुस्त करणे घरमालकाचे काम की भाडेकरूंचे, हा वाद १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवल्यावर अधिकच चिघळला. गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही असे मालक म्हणत आणि भाडे देत असता दुरुस्ती का करावी असे भाडेकरू. तोवर बादली दाराला टेकवून ठेवायची, एका हाताने दार धरायचे आणि बाहेर पावले वाजली की ‘आहे!’ असा आवाज द्यायचा. अनेक ठिकाणी दोन-तीन बिऱ्हाडांत एक याप्रमाणे संडास वाटून घेतले गेले आणि प्रत्येकाने आपापल्या संडासाला बाहेरून कुलूप लावले. हे कुलूप लक्षणीय आहे. आतली कडी धड नसलेल्या दाराला बाहेरून मात्र मजबूत कुलूप होते. मालमत्तेचे रक्षण आधी, देहाचे नंतर, हा वाड्याचाच क्रम चाळीत निराळ्या रूपाने टिकून राहिला.

शेतखान्याचे मागचे दार

न्हाणीघर आणि शेतखाना यांचा विचार आज एकत्र होतो. जुन्या घरात ती दोन टोके होती. न्हाणी हे शुद्धीचे ठिकाण, म्हणून घराला लागून. शेतखाना अशुद्धीचा, म्हणून परसाच्या शेवटी. भूमिगत गटारे येईपर्यंत शहरांतील संडास टोपलीचे होते. बसणाऱ्याच्या खाली टोपली वा डबा आणि तो काढून नेण्यासाठी मागील बोळातून एक बुटकी झडप. मेहतर, भंगी अशा नावांनी ओळखल्या गेलेल्या जातींतील स्त्री-पुरुष त्या झडपेतून रोज मैला काढून डोक्यावरून वाहून नेत.

घराने पुढच्या दाराला कडी लावून जो एकांत मिळविला, त्याला मागून एक भोक होते आणि त्या भोकातून येणाऱ्या माणसाची गणना ‘पाहणाऱ्यां’त होत नव्हती. शेजाऱ्याने खिडकी उघडली तर दावा. मागच्या झडपेपाशी रोज माणूस वाकतो त्याचे काहीच नाही. ज्याला माणसांत धरलेले नाही, त्याची लाजही वाटत नाही. जातिव्यवस्थेने खासगीपणाची कल्पना किती खोलवर ठरविली होती, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही. त्या माणसाच्या स्वतःच्या एकांताविषयी तर प्रश्नच नव्हता. इतरांचे संडास साफ करणाऱ्या वस्त्यांना स्वतःचे संडास क्वचितच होते.

मुंबई राज्य सरकारने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्ये आला. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन (१८९४-१९७१) यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैला माणसाने उचलावा लागू नये अशा संडासाचे प्रयोग केले आणि ते स्वतः हे काम करीत राहिले. त्यांच्या कार्याची नोंद स्वच्छतेच्या आणि गांधीवादाच्या इतिहासात होते. मागची झडप बुजविणारा माणूस म्हणून एकांताच्या इतिहासातही त्यांना जागा मिळावयास हवी. हाताने मैला काढण्यास मनाई करणारा कायदा १९९३ मध्ये झाला आणि तो अपुरा ठरल्याने २०१३ मध्ये दुसरा करावा लागला, यावरून ती झडप किती काळ उघडी राहिली याची कल्पना येते.

‘ब्लॉक’ आणि बोल्ट

न्हाणीघर आणि संडास घराच्या उंबऱ्याच्या आत येणे ही साधी सुधारणा नव्हती. निखिल राव यांनी ‘हाउस, बट नो गार्डन’ (२०१३) या ग्रंथात दादर-माटुंगा परिसरातील मध्यमवर्गीय सदनिकांचा अभ्यास करताना, संडास घरात घेण्याला विटाळाच्या कल्पनेचा किती अडथळा होता हे दाखविले आहे. पाण्याने वाहून जाणारा संडास आला, गटार आले आणि मागचा माणूस दिसेनासा झाला, तेव्हाच उच्चवर्णीय कुटुंबाने संडासाला घरात प्रवेश दिला. १९२० ते १९४० या काळात रुळलेला ‘सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक’ हा शब्दप्रयोग या बदलाचे सार सांगतो. ज्याला पाण्यासाठी आणि देहधर्मासाठी उंबरा ओलांडावा लागत नाही, ते घर.

पुण्यात हा बदल एका आपत्तीने वेगाने घडविला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांतील कितीतरी जुने वाडे कोसळले. लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहतींत पूरग्रस्त कुटुंबे राहावयास गेली. वाड्यातील सामाईक नळ, सामाईक संडास आणि बिऱ्हाडकरूंचा एकमेकांवरचा अखंड डोळा यांपासून ही कुटुंबे एका पावसाळ्यात तुटली. पूर हा अनेकांच्या आठवणीत हानीचा विषय आहे आणि ते रास्तच आहे. तथापि ज्या सुनांना त्यानंतर प्रथमच आतून बोल्ट लावता येणारे दार मिळाले, त्यांच्या बाजूने हा इतिहास अद्याप कोणी सांगितलेला नाही.

बोल्टने काय केले? त्याने वेळेचे बंधन सैल केले. पहाटेचा काळोख आवश्यक राहिला नाही. वस्त्र उतरवून स्नान करणे स्त्रीला शक्य झाले आणि आपला देह आपण पाहणे, त्यावरील गाठ किंवा व्रण वेळीच लक्षात येणे, हेही. त्याने आवाजाची जुनी भाषा निकामी केली. खाकरणे आणि ‘आहे!’ म्हणणे यांची जागा दार ठोठावण्याने घेतली. घरात एकटे बसण्याची दुसरी जागा नसलेल्यांना तेथे बसता येऊ लागले. कोणी तेथे पत्र वाचले, कोणी चोरून विडी ओढली, कोणी नळ सोडून रडून घेतले. नळाच्या आवाजाखाली रडण्याचा उल्लेख हसण्यावारी नेला जातो, परंतु तीन माणसांच्या दोन खोल्यांत ती एकच जागा अशी होती की जिचे दार लावल्याबद्दल कारण द्यावे लागत नव्हते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ ने स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला. त्या घरात आतून लावता येईल असे एक तरी दार असावे, असे कोणताही कायदा म्हणत नाही. मारहाण होणाऱ्या घरात हे दार बहुधा न्हाणीघराचेच असते.

हे सर्व ज्यांच्याजवळ न्हाणीघर आहे त्यांच्यापुरते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४२ टक्के कुटुंबांजवळ आवारात छप्पर असलेले न्हाणीघर होते. आणखी सुमारे १६ टक्क्यांजवळ बिनछपराचा आडोसा. उरलेल्या चाळीस टक्क्यांहून अधिक कुटुंबांना यांपैकी काहीच नव्हते. महाराष्ट्रात आवारात शौचालय असलेली कुटुंबे त्या वर्षी ५३ टक्क्यांच्या आसपास होती. दाराला कडी आहे काय, हे जनगणना विचारीत नाही.

कडीवरील आक्षेप

विसाव्या शतकाच्या शेवटास कडी सर्वत्र गृहीत धरली जाऊ लागली आणि त्याच सुमारास तिच्याविरुद्ध तक्रारीही वाढल्या. त्यांत दोन जाती आहेत. पहिली शिस्तीची : मुलगा मोबाइल घेऊन आत बसतो, मुलगी फार वेळ लावते, सून दार लावून माहेरी बोलते. ही तक्रार नवी नाही. वाड्यातील ‘आत काय चालले आहे’ याच प्रश्नाचा तो वारसा आहे आणि त्याचे उत्तर द्यावयाचे की नाही हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे.

दुसरी तक्रार सुरक्षिततेची आहे आणि ती गंभीरपणे घ्यावयास हवी. गॅस गीझर लहान, बंद न्हाणीघरात पेटत राहिला तर हवेतील प्राणवायू कमी होतो, ज्वलन अपुरे होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट बांधला जातो. माणूस भोवळ येऊन पडतो आणि कडी आतून असल्याने बाहेरच्यांना उशिरा कळते. हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या महाराष्ट्रातील वृत्तपत्रांतून येतात आणि पाठोपाठ ‘कडी लावू नका’ असा सल्लाही. त्या माणसाला मारले ते मात्र कडीने नव्हे. गीझर न्हाणीघराबाहेर असता आणि खोलीला वारा असता, तर दार लावूनही तो जिवंत बाहेर आला असता.

वृद्धांच्या पडण्याचेही तसेच. ओली फरशी, आधाराला दांडी नाही, रात्री उठण्याची गरज, रक्तदाबाची गोळी. पडलेल्या माणसापर्यंत पोहोचण्यासाठी दार उघडता आले पाहिजे, हे निर्विवाद. म्हणून घर त्याच्याकडून कडी मागते. ज्या आजींनी तरुणपणी मोरीत स्नान करण्यासाठी पाच माणसांना गॅलरीत पाठविले, ब्लॉकमध्ये आल्यावर पहिल्यांदा निवांत दार लावले, त्यांनाच सत्तरीत पुन्हा दार लोटून ठेवण्यास सांगितले जाते. त्यांपैकी कित्येकजणी होकार देतात आणि कडी लावतात. घरातील लोक याला हट्ट म्हणतात. तो हट्ट कोणत्या इतिहासातून आला आहे हे लक्षात घेतल्यास हा शब्द मागे घ्यावा लागेल.

कायद्याची भाषा एव्हाना खिडकीपासून बरीच पुढे आली आहे. २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम ३५४ क आले आणि स्त्रीला खासगी कृती करताना चोरून पाहणे हा गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये तो आहे. पाहणारा परका असावा अशी अट त्यात नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचे एकमताने सांगितले. हा हक्क घराचा नव्हे, व्यक्तीचा आहे. वयाची सत्तरी ओलांडली की तो संपतो, असे कोठेही म्हटलेले नाही.

घरबांधणीचे नियम मात्र मागे राहिले. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार न्हाणीघराचे किमान क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर. संडासासह एकत्रित असल्यास २.८. एवढ्या जागेत दार आत उघडत असेल तर पडलेल्या माणसाचे शरीरच दाराला टेकते आणि कडी नसली तरी ते उघडत नाही. अपंगांसाठीच्या सार्वजनिक प्रसाधनगृहाचे दार बाहेर उघडावे व त्याची रुंदी ९०० मिलीमीटर असावी, असे हीच संहिता सांगते. घरातील न्हाणीघराला हा नियम नाही. बोळ अरुंद असतो, समोर बेसिन असते, म्हणून बांधकाम व्यावसायिक दार आत उघडणारे बसवितो. बिजागरीचा दोष कडीच्या माथी मारला जातो तो असा. नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने बाहेरून फिरविता येणारी, आतून मात्र नेहमीसारखी लागणारी कडी बाजारात मिळते आणि ती महागही नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना पुनर्विकसित इमारतींतील घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर आले आणि मोरीच्या जागी दार असलेले न्हाणीघर. जी पिढी खोलीच्या दाराला कडी लावून मोरीत न्हाली, त्या पिढीतील काही स्त्रिया आता सत्तरीच्या पुढे असताना त्या न्हाणीघरात प्रथमच जात आहेत.